धरायला कोणी नाही

दुपारचा चहा संपवून वहिनी पुन्हा प्राणीघरात शिरल्या. प्रयोगशाळेत लहानथोर सगळेच त्यांना वहिनी म्हणत. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता. त्यात कामावरची जोडीदारीण नेमकी आज रजेवर.

"डॉक्टर, एकीनं उंदीर धरायचा, एकीनं सुई टोचायची, असं काम हे. मला काय चार हात आहेत?"

"आजचा दिवस निभावून न्या हो, वहिनी," म्हणत डॉक्टर बैठकीला निघून गेले.

उंदीर नुकतेच आलेले, माणसाच्या हाताची सवय नसलेले. वहिनींनी पहिल्याला शेपटीच्या बुडाशी धरून उचललं. टोकाला धरलं तर कातडी आपल्या हातात आणि उंदीर दाराबाहेर, असं त्या नव्या माणसांना हसत सांगायच्या. आज हसू नव्हतं. त्यांनी त्याला पिंजऱ्याच्या जाळीवर ठेवून शेपटी हलकेच मागे ओढली. त्यानं पुढच्या पायांनी जाळी घट्ट पकडली. आता मानेमागची सैल कातडी चिमटीत घ्यायची. पण दोन्ही मनगटांतून अशी कळ आली की हात सुटून खाली आले.

उंदीर पळाला नाही.

त्याच्या मानेवरची कातडी आपोआप वर उचलली गेली. नीट, कानांच्या मागे, जिथं धरायला हवी तिथंच. पाठोपाठ अख्खा उंदीर उचलला गेला आणि वहिनींकडे पोट करून हवेत थांबला. कुणी करंगळीखाली दाबून धरावी तशी शेपटी एका बाजूला वळलेली.

वहिनींना ओरडावंसं वाटलं, पण ओरडायलाही अंगात त्राण लागतं. खोलीत लाकडी भुशाचा वास, पंख्याची घरघर. उंदराचे कान गुलाबी, श्वास संथ. पकड सैल नव्हती, आवळलेलीही नव्हती. इतकी चांगली पकड त्यांनाही क्वचितच जमायची.

त्यांनी सुई टोचली. उंदीर अलगद पिंजऱ्यात उतरला.

"पुढचा," वहिनी पुटपुटल्या.

पुढचा वर आला.

मग काम भराभर उरकत गेलं. एकदा चुकून त्यांचा हात उंदराच्या मागे गेला. तिथली हवा उबदार होती. त्यांनी हात चटकन मागे घेतला, पण काम थांबवलं नाही.

"झालं गं, सोड आता," जोडीदारणीला म्हणावं तसं त्या म्हणून गेल्या.

शेवटचा उंदीर खाली आला.

वहिनी स्टुलावर धपकन बसल्या. पाय भरून आले होते.

शेजारच्या रिकाम्या स्टुलाची गादी हळूहळू दबली, आणि दबलेलीच राहिली.