दुसऱ्या मजल्यावरचा थांबा

पहिल्याच दिवशी तो दारात मला धडकला. हातातला ईसीजीच्या कागदाचा रोल निसटला आणि जिन्यावरून उलगडत थेट खाली गेला. आम्ही दोघं पायऱ्यांवर बसून तो गुंडाळत राहिलो.

"खोक्यात वीस येतात ना? एकच कसा आणलात?"

"बाकीचे... रोज एकेक आणतो की."

असा हा कागदवाला. चाळिशीला टेकलेला, पण हसला की पंचविशीचा! आमचा हृदयाचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट फक्त पेशंटसाठी. तो जिना चढायचा, आणि मी माझ्या ईसीजी मशीनशी उगीच खुडबुड करत त्याची पावलं ऐकायची.

मग ती पावलं दुसऱ्या मजल्यावर थांबायला लागली. तिथं शिवणवालीचं दुकान. कुरळे केस, गालावर खळी. रोज दोन-दोन मिनिटं! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड.

"शर्ट शिवायला टाकलात वाटतं?"

"नाही हो. जरा... थांबलो होतो."

"थांबा की! मला काय त्याचं?"

तीन आठवडे जळले. शेवटी ठरवलं, रंगेहाथ पकडायचं. चपला हातात घेऊन खाली उतरले. पाहते तर शिवणवाली पाठमोरी, आपल्या कामात. हा तिच्याकडे बघतही नव्हता. एका हातानं कठडा धरलेला, दुसऱ्या हाताची मूठ छातीवर, कपाळावर घाम.

चपला तिथंच टाकून मी धावले.

"दुखतंय?"

"दुखत नाही. वजन ठेवल्यासारखं... ॲसिडिटी आहे. थांबलं की जातं."

"आणि चढलं की येतं? जबडाही आवळतो?"

"हो... तुम्हाला कसं कळलं?"

कसं कळलं! दिवसाला वीस जणांना मी हेच विचारते. फक्त यालाच विचारलं नाही. जळण्यातून मला मेलीला फुरसत कुठे होती!

"चला, लिफ्टनं."

"ती पेशंटसाठी आहे."

"तोंड बंद. पेशंटच आहात आता."

ईसीजी साफ निघाला. तो खूश, डॉक्टरबाई मुळीच नाहीत. "बसल्यावर साफच येतो बऱ्याचदा. चढताना हृदयाला रक्त कमी पडतंय, त्याचं हे दुखणं. आणि नवं आहे, म्हणून आजच मोठ्या हॉस्पिटलात जायचं."

अँब्युलन्समध्ये त्यानं हळूच माझं बोट धरलं. "खरं सांगू? तुमच्यासमोर धापा टाकत यायची लाज वाटायची. म्हणून खाली थांबून... नीट होऊन वर यायचो."

"मूर्ख!" म्हटलं, आणि रडूच कोसळलं. एक रक्तवाहिनी जवळजवळ बंद होती. त्याच दिवशी स्टेंट बसवला.

दीड महिन्यानं, डॉक्टरबाईंनी परवानगी दिल्यावर, जिन्यात ओळखीची पावलं वाजली. सावकाश. पहिला मजला. दुसरा... मी श्वास रोखून उभी. पावलं थांबलीच नाहीत.

"अगं ए," शिवणवाली खालून ओरडली, "आज हा माझ्या दारात थांबलासुद्धा नाही!"

इतकी गोड तक्रार मी जन्मात ऐकली नव्हती. दार उघडलं. त्याचे दोन्ही हात रिकामे.

"कागद कुठाय?"

"नाही आणला. आज... फक्त तुला बघायला आलोय."