दाबूनही न मावळणारे डाग

आईच्या उजव्या पायातली चप्पल चालताचालता गळून पडायची आणि आईला ते कळायचंही नाही. असं का व्हावं, हे अकरा वर्षांच्या ऋजुताला कोडंच होतं. आईच्या दोन्ही पोटऱ्यांवर जांभळे ठिपकेही उठले होते.

साल होतं २०६१. चिपळूणजवळच्या त्यांच्या गावातल्या आरोग्यकेंद्रात आता डॉक्टर नव्हते, ‘निदान’ नावाचा यंत्रमानव होता. त्याने ठिपक्यांचे फोटो काढले, घामोळं म्हणून मलम दिलं. ऋजुताने चपलेचं सांगितलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “या तक्रारीसाठी रकाना नाही.”

शेजारीच आईचे काका, भास्करआजोबा राहायचे. त्याच केंद्रात त्यांनी तीस वर्षं रुग्ण तपासले होते. यंत्रमानव आला आणि त्यांना घरी बसवलं गेलं. तेव्हापासून त्यांनी कुणाच्या नाडीला हात लावला नव्हता. आई पाय दाखवायला गेली, तर त्यांनी वर्तमानपत्रातून मानही वर केली नाही. “तुमच्या यंत्राला विचारा,” एवढंच म्हणाले.

तीन आठवड्यांनी आईचा चेहरा सुजला, लघवीला फेस येऊ लागला. ऋजुताने आजोबांना मनगट धरून ओढतच आणलं.

त्यांनी ठिपक्यांवरून बोट फिरवलं, ऋजुतालाही फिरवायला लावलं. ठिपके बोटाला उंच लागत होते. फोटोत हे कळलंच नसतं. मग त्यांनी काचेचा पेला ऋजुताच्या दंडावरच्या, डास चावून उठलेल्या लाल गांधीवर दाबला. काचेखाली लाली मावळली. आईच्या ठिपक्यावर दाबला, तर डाग तसाच.

“तुझं रक्त वाहिनीच्या आतच आहे, म्हणून दाबल्यावर बाजूला सरतं,” आजोबा म्हणाले. “हिचं वाहिनीतून बाहेर झिरपलंय. ते कुठे सरणार?”

आईला पाऊल वर उचलायला सांगितलं. उजवं उचललंच गेलं नाही. त्यांनी नाकातल्या खपल्या पाहिल्या, छाती ऐकली, रक्तदाब मोजला. तो बराच वाढला होता. हा व्हॅस्क्युलायटिस (रक्तवाहिन्यांचा दाह) वाटतो, असं ते म्हणाले. रोगांशी लढणारी शरीराची फौज यात चुकून आपल्याच बारीक वाहिन्यांवर तुटून पडते. त्वचेतल्या वाहिन्या सुजून झिरपल्या की डाग पडतात. पायाच्या मज्जातंतूला (मेंदूचे निरोप नेणाऱ्या धाग्याला) रक्त पुरवणाऱ्या बंद पडल्या की पाऊल बधिर आणि लुळं पडतं. आणि मूत्रपिंडातली गाळणी तर अशाच वाहिन्यांच्या गुंडाळ्यांची असते; ती बिघडली की लघवीला फेस येतो, चेहरा सुजतो. म्हणून रुग्णाला डोक्यापासून पायापर्यंत तपासायचं.

“म्हणजे चप्पल, ठिपके, फेस, सगळं एकच?”

“एकच.”

“त्या दिवशीच तुम्ही हात लावला असता तर?”

आजोबांनी पेला खाली ठेवला. “तर मूत्रपिंडं बहुधा वाचली असती.”

शहरातल्या रुग्णालयात त्यांचं निदान खरं ठरलं. औषधांनी दाह निवला, पाऊल हळूहळू उचललं जाऊ लागलं. मूत्रपिंडं मात्र गेली. आता आठवड्यातून तीनदा यंत्रावर आईचं रक्त शुद्ध करावं लागत होतं. आजोबा रोज यायचे. आई त्यांच्याशी बोलायची, ऋजुता नाही.

दोन महिन्यांनी ती त्यांच्या दारात उभी राहिली.

“मी तुम्हाला माफ केलेलं नाही,” ती म्हणाली. “तरी मला तपासायला शिकवा.”

आजोबांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. मग म्हणाले, “आधी हात धू. आणि चोळून गरम कर. गार हात लागला की रुग्ण दचकतो.”

ऋजुता हात धुऊन आली आणि तळवे चोळू लागली.