निश्चिंत

लातूरच्या बसस्थानकात, महिलांच्या स्वच्छतागृहाबाहेर, आता ‘निश्चिंत’चं यंत्र लागलं होतं. बटण दाबलं की एका पातळ पट्टीचं पाकीट खाली पडायचं. संबंधाआधी पट्टी योनिमार्गात ठेवायची; ती विरघळायची आणि तिच्यातले सूक्ष्मकण शुक्राणूंना गाठून मारायचे. जुनी शुक्राणुनाशकं साबणासारखी, शुक्राणूंबरोबर आतलं नाजूक अस्तरही सोलणारी. ‘निश्चिंत’ म्हणे फक्त शुक्राणूच ओळखतं. यंत्रावरची नटी हसून सांगायची, "रोज वापरा! शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा यश!"

सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. इरावती बेळे यांना राग त्या नटीचा नव्हता, तिच्या तोंडी हे घालणाऱ्यांचा होता. त्यांतलाच एक, कंपनीचा पुष्कर दातार, आज चॉकलेटांचा डबा घेऊन त्यांच्या प्रयोगशाळेत येऊन बसला होता. ‘निश्चिंत’ला सरकारी दवाखान्यांत शिरायचं होतं आणि त्यासाठी इरावतींची शिफारस हवी होती.

"हे नव्व्याण्णव आले कुठून?" त्यांनी विचारलं.

"चाचणीतून, मॅडम."

"किती बायकांवर?"

दातार घुटमळला. "चाचणी काचेच्या नळीत झाली."

"अस्सं! काचेला दिवस जात नाहीत, दातार. काचेची आगही होत नाही."

त्यांनी संगणकाचा पडदा सुरू केला. स्त्रियांनी दिलेल्या पेशींपासून त्यांनी बशीत जिवंत अस्तर वाढवलं होतं. त्यावर रोज एक पट्टी विरघळवून शुक्राणू सोडले होते. शुक्राणू बरेच मेले होते. बरेच मजेत पोहतही होते. अस्तर मात्र जागोजागी सोलून निघालं होतं.

"अशा जखमेतून एचआयव्हीसुद्धा आरामात आत शिरेल."

"रोज वापरलं तरच हो! बायका जरा अतीच करतात."

"रोज वापरा असं तुम्हीच ओरडून सांगता."

"मग खाली बारीक अक्षरांत सूचना टाकू," तो उदारपणे म्हणाला.

चपलेला चिकटलेल्या घाणीकडे पाहावं तसं इरावतींनी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या देखत त्यांनी सगळी चित्रं औषध नियंत्रकांना पाठवून दिली. "या आता. आणि ती चॉकलेटं घेऊन जा."

तो गेल्यावर त्यांनी सीमा तोडकरला आत बोलावलं. दोन लेकरांची आई. ‘निश्चिंत’ नेमाने वापरूनही तिला दिवस गेले होते. शिवाय आतून जखमा झाल्या होत्या.

"माझंच काही चुकलं का, मॅडम?"

"नाही. तुमचं काहीही चुकलेलं नाही. चूक त्या पट्टीची आहे. ती बंद व्हावी, याची सोय मी आजच केलीय."

सीमाच्या चेहऱ्यावर समाधान दिसेल, असं इरावतींना वाटलं होतं. ती पदराच्या टोकाशी चाळा करत राहिली.

"आमचे हे निरोध वापरत नाहीत. गोळ्या सापडल्या, तर फेकून दिल्या. तांबी बसवू देत नाहीत," ती हळूच म्हणाली. "ही पट्टी तेवढी त्यांना कळायची नाही. ती बंद झाली की मी काय वापरायचं?"