बंद न झालेले ओव्हन

"चार वाजता बैठक आहे. माझं काम काढून घेणार आहेत," इंजिनिअर खुर्चीत टेकता टेकता म्हणाली. "नऊ वर्षं घातलीत मी त्यात."

मास्तरांनी घड्याळ पाहिलं. अकरा वाजले होते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून ते बायकोच्या तपासकामात सोबत करत. सोबत म्हणजे पिशवी धरायची आणि भलत्याच माणसावर संशय घ्यायचा, असं बायकोचं म्हणणं. ती स्वतः तीस वर्षं विजेचे मीटर तपासत होती. आता खाजगी तपास करायची. सगळे तिला बाई म्हणत.

"पहिल्यापासून सांग," बाई म्हणाल्या.

विजेवर उडणाऱ्या एका नव्या विमानाची सगळी वीजव्यवस्था एका शेडमध्ये जमिनीवर मांडली होती. बॅटरी, जनरेटर, विमानाला पुढे ढकलणारा पंखा, जेवण गरम करायचे ओव्हन. वीज कमी पडली की आधी काय बंद करायचं, हे ठरवणारा प्रोग्राम या मुलीचा. काल दुपारी चाचणीत मुद्दाम जनरेटर बंद केला. प्रोग्रामने ओव्हन बंद करून पंखा जगवायला हवा होता. ओव्हन मात्र मजेत तापत राहिले, बॅटरी बसली आणि पंखा थांबला.

"वर आकाशात असतं तर..." इंजिनिअर म्हणाली.

"प्रोग्राम आधी कधी चुकला होता?" बाईंनी विचारलं.

"चाळीस चाचण्या झाल्या, एकदाही नाही. परवाच सील केला प्रोग्राम, आणि सील शाबूत आहे." तिने नोंदींचा कागद पुढे केला. "जनरेटर बंद, तरी बॅटरी भरतेय अशी नोंद आहे. म्हणून प्रोग्रामला वीज मुबलक वाटली. अधिक-उण्याची चूक माझ्याच हातून झाली असणार. कालपासून शोधतेय, सापडत नाही."

स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला आलेला पक्षकार मास्तर पहिल्यांदाच पाहत होते. त्यांना तिची फार कणव आली.

शेडच्या दारात प्रकल्पप्रमुख भेटले. इंजिनिअर त्यांचीच विद्यार्थिनी. ती त्यांना सर म्हणायची. परीटघडीचा शर्ट, खिशात पेन आणि पेनाशेजारी छोटा स्क्रूड्रायव्हर.

"तिचं काम काढून घेताना मला आनंद होतोय का, बाई? पण उद्या पाहुणे येणार. चूक झाकून कसं चालेल?"

"तयारी जोरात दिसतेय."

"काल सकाळी सगळं चकाचक करून घेतलं. करून काय घेतलं, निम्मं मीच केलं. दुसऱ्याचा हात फिरला की माझं समाधान होत नाही."

आत फिटरकाका तारा पुसत होते. बॅटरीच्या जाड तारेभोवती तळहाताएवढं कडं होतं. मान वर न करता त्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, "वीज किती आणि कुठल्या दिशेने जातेय, ते हे प्रोग्रामला सांगतं. वर्षापूर्वी मीच बसवलं."

"उलटं बसत नाही?" बाईंनी विचारलं.

"बसतं की! म्हणून नावाची चिठ्ठी चिकटवलेली बाजू बॅटरीकडे, ही आमची रीत. डोळे झाकून बसवलं तरी चुकत नाही."

"काल सकाळी होतात?"

"रजेवर होतो. नातीला शाळेत घालायचं होतं. आज आल्यापासून नुसतं पुसतोय."

"हाच तो," बाहेर पडताच मास्तर कुजबुजले. "फार सफाईने बोलतो."

"बरं. आधी वर चला."

वर पाहुण्यांसाठी काचेचा सज्जा होता. बाईंचा चष्मा घरी राहिला होता. "अहो, खालच्या चिठ्ठ्या वाचा ना जरा."

"पंखा. ओव्हन. जनरेटर. कडं क्रमांक एक. पहिल्या बाकावरून फळा वाचावा तसं दिसतंय सगळं."

"आणि बॅटरी कुठे आहे?"

"ती पार समोरच्या भिंतीशी."

बाई हसल्या आणि जिना उतरू लागल्या. काय झालं ते मास्तरांना कळलं नाही.

तीन वाजता बाईंनी सगळ्यांना तारेपाशी बोलावलं.

"जनरेटर बंद असताना बॅटरी भरणार कुठून? म्हणजे नोंद खोटी. प्रोग्रामला सील, तेव्हा खोटं बाहेरून आलं. या कड्याची चिठ्ठी बॅटरीकडे, म्हणजे पलीकडच्या भिंतीकडे हवी; सज्ज्यातून ती दिसता कामा नये. आमच्या ह्यांनी ती सज्ज्यातून वाचली. कडं उलटं आहे. बाहेर जाणारी वीज त्याला आत येताना दिसली."

सगळ्यांनी फिटरकाकांकडे पाहिलं.

"काका रजेवर होते. आणि त्यांनी कडं पाहुण्यांकडे कशाला फिरवावं? चाचणीआधी, काल सकाळी, इथली प्रत्येक वस्तू नीटनेटकी दिसावी म्हणून कोण राबत होतं? दुसऱ्याचा हात कोणाला चालत नाही? स्क्रूड्रायव्हर कोणाच्या खिशात असतो?"

सरांचा हात आपोआप खिशाकडे गेला.

"चिठ्ठी भिंतीकडे होती," ते अडखळत म्हणाले. "मला वाटलं, कोणीतरी वेंधळेपणाने लावलीय. दोन स्क्रू तर काढायचे होते. नोंदही केली नाही." ते इंजिनिअरकडे वळले. "आणि दोष तुझ्या माथी मारला. चुकलो मी, बेटा. बैठकीत हे मीच सांगेन."

वीज तोडून सरांनी स्वतःच कडं फिरवलं. मग बॅटरी बदलून चाचणी झाली. जनरेटर थांबला. एकेक करून ओव्हनचे दिवे विझले. पंखा फिरतच राहिला. इंजिनिअर ओंजळीत तोंड लपवून रडू लागली.

"आता पाहुण्यांना चिठ्ठी दिसणार नाही," मास्तर हळूच म्हणाले.

सरांनी डोळे पुसले. "पंखा फिरताना दिसेल ना," ते म्हणाले.