सहा मिनिटांचं भजन

'भ्रमणचक्र' अंतराळस्थानकाच्या सभागृहात शरयूताई पुराणिकांनी मंगळावरच्या धुळीच्या वादळाचं आख्यान संपवलं, तेव्हा समोरच्या नऊ मुलांपैकी एकानंही हूं की चूं केलं नाही. पुढच्या रांगेतली अकरा वर्षांची पर्णा वाघमारे मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती.

“झालं?” तिनं विचारलं.

“भजन राहिलंय अजून.”

“मग उरका.”

तीस वर्षं कीर्तनात काढलेल्या बाईला श्रोत्यांचा राग नवा नव्हता. गावात न आवडलेलं कीर्तन सोडून माणसं तंबाखू मळायला उठून जातात, हेही शरयूताईंनी पाहिलं होतं. पण या नऊ जणांना उठून जायला जागा नव्हती. बाहेर पोकळी होती आणि खाली, चारशे किलोमीटरवर, पृथ्वी.

मुलांचे आईवडील पाच वर्षांपूर्वीच मंगळावर गेले होते. मुलं पृथ्वीवर नातलगांकडे वाढली. आता वसाहतीला ती हवी होती. मात्र 'बालसंमती नियम' आडवा होता. मुलांना वर्षभर स्थानकावर ठेवायचं, मंगळावरचं जगणं काहीही न लपवता समजावून सांगायचं, आणि मग एकेकाला एकटं बोलावून विचारायचं, जायचं की परत फिरायचं. 'हो' म्हणणाऱ्याला परतीची वाट नव्हती. मंगळावर आपला भार निम्म्याहूनही कमी होतो, आणि तसल्या भारात वाढलेली हाडं पृथ्वीवर उभी राहत नाहीत. म्हणून उत्तर देईपर्यंत मुलांवर पृथ्वीचा पूर्ण भार असला पाहिजे, असं नियमात स्पष्ट लिहिलं होतं. स्थानकाचं प्रचंड चाक दर तीस सेकंदांना एक फेरी घ्यायचं, आणि त्याच्या कडेच्या मजल्यावर राहणाऱ्यांना पृथ्वीवर असल्यासारखंच वाटायचं.

समजावण्याचं काम 'परिचयकारा'चं. पडद्यावरच्या चित्रफिती मुलं पहिल्याच आठवड्यात बघेनाशी झाली, तेव्हा समोर उभं राहून गोष्ट सांगणारं माणूस हवं म्हणून नियम राबवणाऱ्या मंडळानं शरयूताईंना आणलं. त्यांनी मंगळाची थंडी सांगितली, विषारी माती सांगितली, उघड्यावर एक श्वासही घेता येत नाही हे सांगितलं. मुलं ऐकायची आणि त्यांच्यावरच चिडायची. पर्णाला तर जालन्याला आत्याकडे परत जायचं होतं, आणि हे तिनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं.

शरयूताईंनी पदर खोचला, टाळ उचलले. पखवाजावर बबन घुगे होता. एरवी तो स्थानकाची पाणी-यंत्रणा सांभाळायचा. भजन सुरू झालं, ताईंची पावली सुरू झाली: दोन पावलं पुढे, एक छोटी उडी, एक पाऊल मागे. देवाचं नाव घेताना पाय जमिनीवर ठरू नयेत, अशी त्यांच्या गुरूंची शिकवण होती.

भजन थांबलं तशी पर्णा म्हणाली, “सात मिनिटांना चार सेकंद कमी.”

“काय?”

“तुमचं भजन. आलात तेव्हा सहा मिनिटांत सुटका व्हायची. मी रोज मोजते, दुसरं करण्यासारखं काही नसतं इथं. दर महिन्याला लांबतंय. शब्द तेच, कडवी तेवढीच. म्हातारपण आलं बहुतेक.”

मुलं हसली. ताईंना ते लागलं. लय हा कीर्तनकाराचा कणा. त्या बबनकडे वळल्या. “लय उतरली आणि तुम्ही सांगितलं नाहीत?”

“मी काय सांगणार, ताई? तुमचंच शिकवणं. पखवाजानं तोंडाकडे बघू नये, पायाकडे बघावं. पाय टेकला की थाप. पाय उशिरा टेकला तर थाप उशिरा.”

“पाय उशिरा का टेकेल?”

“ते पायाला विचारा.”

ताईंनी खरंच विचारलं. जागच्या जागी एक उडी मारली. मग दुसरी. दम लागला नव्हता, गुडघे दुखत नव्हते. उलट गेल्या काही महिन्यांत पाय हलके झाले होते, आणि त्याचं श्रेय ताई देवाला देत आल्या होत्या. पाय उशिरा टेकत होता, कारण तो हवेत जास्त वेळ राहत होता.

“पर्णा,” त्या म्हणाल्या, “एक मीटर दोरीला टाळ बांधून टांगला, तर पृथ्वीवर मिनिटाला किती हेलकावे?”

“जाऊन-येऊन तीस. तिसरीतलं आहे ते.”

“मोज.”

बबननं दोरी मापून टाळ छताच्या कडीला टांगला. आता सगळी मुलं उठून उभी राहिली होती. पर्णानं मिनिटभर ओठ हलवत मोजलं, मग पुन्हा मोजलं.

“सव्वीस,” ती म्हणाली. पाटीवर तिनं दोन आकडे मांडले, वर्ग केले, भागले. “म्हणजे भार पाऊणच आहे. चाक हळू फिरतंय.” तिनं मान वर केली. “तुम्हाला माहीत होतं.”

“नाही.”

“कशावरून?”

“माहीत असतं तर अकरा महिने इतकी बेताल पावली टाकली असती का मी, सगळ्यांसमोर?”

पर्णानं क्षणभर त्यांना निरखलं. “हे पटतं,” ती म्हणाली.

डॉ. विक्रांत डहाके स्थानकाचे प्रमुख होते आणि अस्थितज्ज्ञही. शरयूताई प्रयोगशाळेत शिरल्या, तेव्हा ते हाडांच्या प्रतिमा बघत होते. त्यांनी मान वळवली नाही.

“बबननं कळवलंय मला. लंबक टांगलात म्हणे. तुम्हाला इथं टाळ कुटायला आणलं, मोजमापं करायला नाही.”

“चाक कुणी मंद केलं?”

“मी. दिवसाला इतकं थोडं की शरीराला पत्ता लागत नाही. खिडक्या झाकलेल्या, वजनकाटे माझ्या ताब्यात. माझं गणित बिनचूक होतं. कीर्तन तेवढं धरायचं राहिलं.”

“का केलंत?”

आता ते वळले. “हाड म्हणजे दगड नव्हे, बाई. ते भाराला उत्तर देतं. भार पडला की भरतं, भार उतरला की झिजतं. याला आम्ही भार-प्रतिसाद म्हणतो. संमतीच्या आधी मुलांची परतीची कसोटी असते, पूर्ण भारात तासभर उभं राहायचं. अकरा महिने उतरत्या भारात काढलेली मुलं त्यात कोसळतील. मग त्यांना परत पाठवणं वैद्यकीयदृष्ट्या धोक्याचं ठरेल. 'नाही' म्हणायचा प्रश्नच उरणार नाही.”

“म्हणजे विचारायचं नाटक.”

“तिथं दोनशे माणसं म्हातारी होताहेत. मुलं पोचली नाहीत, तर चाळीस वर्षांनी शेवटच्याला पुरायलाही कुणी नसेल. आणि हा निर्णय दहा वर्षांच्या पोरांवर सोपवलाय. त्यांना जेवायला काय हवं तेही धड सांगता येत नाही.”

“ते सांगता येतं त्यांना. तुमच्या स्वयंपाकघरात मिळत नाही, एवढंच,” ताई म्हणाल्या. “भार पूर्ववत करा. नाहीतर मंडळाला मी कळवते.”

“करतो. वाढत्या वयाची हाडं आहेत, तीन महिन्यांत पूर्ण भरून येतील. संमतीचा दिवस पुढे ढकलू.” ते फारच सहज तयार झाले होते. त्यांनी एक प्रतिमा पुढे सरकवली. “फक्त आधी हे बघा. हा तुमचा खुबा.”

ताईंना त्यातलं काही कळलं नाही. डॉक्टरांनी बोट ठेवलं. “हे जाळं विरळ झालंय ना? मुलांचं भरतं. सत्तावन्न वर्षांच्या बाईचं गेलेलं येत नाही. पूर्ण भारात तुमची एक उडी पुरे, खुबा मोडेल. पृथ्वीवर काय, मंगळावर काय, उतरताना चौपट भार येतो. यानातून उतरवताना तुमचं काय होईल ते सांगत नाही.”

“म्हणजे मला दोन्हीकडे जाता येणार नाही.”

“तुमच्या वयाचं इथं दुसरं कुणी नव्हतं. मी फक्त मुलांचा हिशोब धरला होता.” माफी मागताना माणसाचा आवाज खाली जातो, तसा तो गेला नाही. “आता मुलांना सांगा. परिचयकारानं काही लपवू नये, असा नियम आहे. तुमचा फार आवडता. भार वाढवला तर कीर्तनबाईंचं हाड मोडेल, हे ऐकल्यावर ती काय म्हणतात ते बघू.”

ताई दाराकडे वळल्या. न सांगणं किती सोपं होतं. आजारी आहे म्हणून खोलीत पडून राहायचं, तीन महिने. पण कीर्तनात जे सोयीचं तेवढंच सांगायचं, असं त्यांनी एकदा केलं असतं, तर पुढचं प्रत्येक कीर्तन खोटं झालं असतं.

सभागृहात त्यांनी सगळं सांगितलं. चाक कुणी मंद केलं, का केलं, आणि ते पूर्ववत झालं तर कुणाचं काय होईल. देवाचं नाव मध्ये आणलं नाही, आवाज चढवला नाही. डॉक्टर मागच्या दाराशी हाताची घडी घालून उभे होते.

एक लहानगी रडवेल्या आवाजात म्हणाली, “मग राहू दे पाऊणच.”

दुसऱ्यानं मान डोलावली. तिसऱ्यानंही. डॉक्टरांनी हाताची घडी सोडली.

पर्णा मात्र संतापली होती. “हे बरंय. परत जायचं म्हटलं की आम्ही वाईट. आधी आईबाबांसाठी वाईट, आता यांच्यासाठी वाईट.” ती डॉक्टरांकडे वळली. “भार कशानं येतो?”

“चाकाच्या फिरण्यानं.”

“आणि कशानं? तुम्हीच शिकवलंत ना वर्गात?”

डॉक्टरांनी पुन्हा हाताची घडी घातली.

“अंतरानं,” पर्णाच म्हणाली. “आसापासून जितकं लांब, तितका भार जास्त. आम्ही कडेला राहतो म्हणून आम्हाला पूर्ण मिळेल. यांना चाकाच्या आऱ्यात वर, आसाकडे नेलं, तीन-चतुर्थांश अंतरावर, तर चाक पूर्ण वेगात फिरलं तरी यांच्यावर पाऊणच पडेल. तिथं कोठाराचा मजला आहे. खोकी हलवली की खोली होते.” आणि ताईंकडे न बघता तिनं पुढं जोडलं, “भजन तिथून ध्वनिक्षेपकावर म्हणा. मला बंद करता येईल.”

बबनला हसू फुटलं. डॉक्टरांना नाही. “आणि मग त्यांना खाली कधीच येता येणार नाही,” ते म्हणाले. “पृथ्वी नाही, मंगळ नाही. मरेपर्यंत एका कोठारात. हे तुम्हाला चालेल, पुराणिकबाई?”

“चालेल.”

“बघा. विचारलं असतं तरी तुम्ही 'हो'च म्हणाला असता.”

“कदाचित म्हणाले असते,” शरयूताई म्हणाल्या. “या पोरांसाठी कदाचित हसतहसत म्हणाले असते. पण ते आता कुणालाच कळायचं नाही, डॉक्टर. मलाही. तेवढं तुम्ही माझं घेतलंत, आणि ते कुठल्याही भारानं भरून येणार नाही.”

मंडळानं डॉक्टरांना परत बोलावलं, पण त्यांचं यान यायला चार महिने होते, तोवर तेच प्रमुख राहिले. चाकाचा वेग रोज कणाकणानं वाढत गेला. मुलांचे पाय दुखायचे, ती ताईंना शिव्या द्यायची, आणि संध्याकाळी आऱ्यातल्या ध्वनिक्षेपकावरून आख्यान सुरू झालं की तो बंद करायची नाहीत. बबन खालूनच पखवाज वाजवायचा. ताईंचे पाय आता त्याला दिसत नव्हते. पहिले काही दिवस त्याची थाप चुकली, मग तो कानानं वाजवायला शिकला.

परतीच्या कसोटीत नऊच्या नऊ मुलं तासभर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या अधिकाऱ्यांनी एकेकाला एकटं बोलावलं.

दुपारी आऱ्याची लिफ्ट वर आली आणि तिच्यातून पर्णा उतरली. खोक्यांच्या भिंती, एक खाट, दोरीवर वाळत घातलेली साडी. तिनं सगळीकडे नजर टाकली.

“कसली कोंदट जागा आहे.”

“तूच शोधलीस.” ताईंनी खाटेवर जागा करून दिली. “उत्तर मला सांगायचं नसतं हं. नियम आहे.”

“मी 'हो' म्हटलं.”

ताईंच्या हातातली साडीची घडी तशीच राहिली. “आत्या?”

“तिला कळवलं. रडली.” पर्णा बसली नाही. “आईशी बोलताना माझं ओरडणं पोचायला वीस मिनिटं लागतात. तिचं उत्तर यायला आणखी वीस. तोवर मी जेवायला बसलेली असते. असं भांडता येत नाही. मला समोर उभं राहून विचारायचंय, जाताना मला विचारलं होतंत का.”

“आणि विचारून झाल्यावर? तिथून परत नाही येता येत, बाळा.”

“माहीत आहे. तुम्ही शंभरदा सांगितलंत. थंडी, विष, वादळं, सगळं पाठ आहे.” तिनं खिशातून एक कागद काढून पुढं धरला. खाली डहाक्यांची सही होती. “पण हे वाचा. माझी हाडं पूर्ण भरली आहेत. मी परत जाऊ शकत होते. त्यांच्याकडून लिहून घेतलंय.”

शरयूताईंनी चष्मा लावला आणि कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग पोरीला जवळ घ्यायला हात पुढे केले. पर्णानं आधी कागद परत घेतला, नीट घडी घालून खिशात ठेवला, वरून दोनदा चाचपला, आणि मगच जवळ आली.