कापून घेतलेला स्नेअर

जुनी वाद्यं विकणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. माणसं वाद्य विकतात, पण सोडत नाहीत. माझ्याकडे ट्रम्पेट देऊन गेलेले एक गृहस्थ अजून दर आठवड्याला येतात, काचेबाहेर उभे राहून त्याच्याकडे बघतात आणि मग आत येऊन हळूच विचारतात, "कुणी विचारलं का हो?" जसं काही घरातल्या मुलीला बघायला पाहुणे येणार आहेत! मी "अजून नाही" म्हटलं की त्यांचा चेहरा उजळतो. आता तो ट्रम्पेट मी विकतच नाही. धंद्यात हे बसत नाही, कबूल. पण सगळंच धंद्यात बसवायला गेलं तर दुकानात बसायला माणूस उरत नाही.

तुम्ही त्या कोपऱ्यातल्या ड्रमसेटबद्दल विचारलंत. सोनेरी चकाकीचा, जुन्या घाटाचा, आणि मधला स्टँड रिकामा. विकायचा आहे का, म्हणालात. बसा. दिवा जरा इकडे सरकवा, आणि फ्लोअर टॉमला, त्या तीन पायांवर उभ्या असलेल्या मोठ्या ड्रमला, तूर्त हात लावू नका.

हा सेट ठेकेदाराचा. रस्ते बांधणारा ठेकेदार नव्हे हो. हॉटेलच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचा, आणि ठेका इतका पक्का की सगळे त्याला ठेकेदारच म्हणायचे. काड्या माझ्याकडूनच न्यायचा. एकेक जोडी काउंटरवर वाजवून बघायचा आणि बाजूला सारायचा. "शेठ, या दोघी सख्ख्या बहिणी नाहीत. चुलत आहेत." दहा जोड्या नापास करून अकरावी घेणार. आणि जाताना काउंटरवर बोटांच्या पेरांनी टकटक... टक. दोन जलद, जरासा थांबा, मग एक. ही त्याची सही होती म्हणा ना. दार उघडं असलं तरी आत येताना चौकटीवर तेच.

एका संध्याकाळी बँडची गाडी कार्यक्रमाला जाताना वळणावर घसरली. बाकीचे वाचले. ठेकेदार गेला. त्याचा स्नेअर, म्हणजे सेटमधला मधला, तारांचा ड्रम, मांडीवर होता म्हणतात, तो कुठे गेला ते कळलंच नाही.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी त्याची लेक आली. सोबत आई. आणि टेम्पोत चादरींत गुंडाळलेली ड्रमची जुनी शेल, म्हणजे नुसती लाकडी कवचं. एक बास, एक टॉम, एक फ्लोअर टॉम. वरचा सोनेरी पत्रा पापुद्र्यासारखा सुटलेला, कड्या गंजलेल्या.

लेक आता स्वतः वाजवते, शिकवतेही. म्हणाली, "काका, मला बाबांचा सेट परत उभा करून हवाय. जुन्या पद्धतीचाच. नवा आवाज कुठेही मिळतो."

आमच्याकडे हे काम गोलमास्तर करतो. आहे सुतारच, पण आयुष्यभर गोल वस्तूच केल्या. घरातलं टेबल गोल, देव्हारा गोल. पलंग तेवढा चौकोनी आहे, तोही बायको अडून बसली म्हणून. त्याने शेलांवर टिचक्या मारल्या, आत डोकं घालून वास घेतला आणि म्हणाला, "लाकूड जिवंत आहे. पण स्नेअर नाही. त्याला नवं लाकूड आणावं लागेल."

इथे माझं डोकं चाललं. फ्लोअर टॉम चांगला खोल होता. त्याचा खालचा पट्टा कापून घेतला तर त्याच रुंदीचा स्नेअर निघतो. जुन्या शेलांच्या कामात ही युक्ती चालते. टॉम जरा आखूड होतो, एवढंच. पण स्नेअर त्याच्याच लाकडाचा होणार होता.

लेकीचे डोळे चमकले. आई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "कापायचंच का?"

"वहिनी," मी म्हणालो, "कापलं म्हणजे तुटलं असं थोडंच आहे? एकाचे दोन होतात."

वाक्य मला आवडलं. माझी वाक्यं मला नेहमी आवडतात, तीच तर खोड आहे.

गोलमास्तर करवत लावताना पुटपुटला, "एका खोडाचे दोन तुकडे एकमेकांना विसरत नाहीत, शेठ." मी म्हटलं, मग तर सूर आपोआपच जुळेल! तो हसला नाही. भुसा पडू लागला तसा दुकानात वास पसरला. जुन्या सरसाचा, सिगारेटचा आणि पावसात भिजलेल्या कोटाचा. मास्तरने खिडकी उघडली. वास गेला नाही.

काम मात्र असं झालं की काय सांगू. काठ जुन्यासारखे गोलसर घासले, त्यांना मेण लावलं, नवा सोनेरी पत्रा चढवला. एका ढगाळ दुपारी आम्ही दोघं सेट त्यांच्या घरी पोचवायला गेलो.

दुसरा मजला, लांब व्हरांडा, शेवटचं दार. आत एकच मोठी खोली. खिडकीशी वहिनींचं पायाचं शिवणयंत्र. त्या शिवणकामावरच घर चालवत आल्या होत्या. सेट मांडला. लेक बसली आणि वाजवू लागली. अहो, माझ्या अंगावर काटा आला. तोच जाडसर, खालचा, पोटातून येणारा आवाज. वहिनी आमच्याकडे पाठ करून एकाच कापडाची पुन्हापुन्हा घडी घालत राहिल्या.

लेक शिकवणीला गेली. मास्तर शेवटचे स्क्रू आवळत होता, मी चहा घेत होतो. बाहेर उजेड कमी होऊ लागला.

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे. स्नेअरच्या खालच्या पडद्याला बारीक तारांची पट्टी असते. शेजारी काही वाजलं, कुणी जोरात बोललं, तरी त्या तारा झरझरतात. सगळे ड्रमवाले याला वैतागलेले असतात. पण तारा आपणहून कधी वाजत नाहीत. कुठेतरी आधी आवाज व्हावा लागतो. तारा फक्त उत्तर देतात.

स्नेअर झरझरला.

झर्र झर्र... झर्र.

"वरच्या मजल्यावर कुणी पाय आपटतंय," मास्तर म्हणाला.

पुन्हा. दोन जलद, थांबा, एक. मी उठून बाकीच्या ड्रमांवर तळवे ठेवले. फ्लोअर टॉमचा पडदा हाताखाली हलकेच धडधडत होता, आणि खोलीत दुसरं काहीही वाजत नव्हतं. तारा सैल सोडायला स्नेअरच्या बाजूला एक खटका असतो. मी त्याला हात घातला.

"नको," वहिनी म्हणाल्या. "असू दे."

त्यांच्या हातातली कात्री थांबली होती.

"त्या दिवशी पोरीला ताप होता," त्या यंत्राकडे बघत बोलू लागल्या. "मी म्हटलं, आज जाऊ नका. ते म्हणाले, गाडी खाली उभी आहे. भांडण झालं. गेले... आणि जिन्यातून परत आले. दार वाजवलं. काहीतरी विसरले असतील. मी उठले नाही. यंत्र चालवत राहिले... म्हणजे त्यांना कळावं, मी आत आहे आणि उघडत नाही. तीनदा वाजवलं त्यांनी. मग पावलं खाली गेली." कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "काय विसरले होते, ते कळलंच नाही मला."



"तेव्हापासून दिवेलागणीला मी या दाराला हात लावत नाही. लेक तिच्या किल्लीने येते."

मास्तरने स्नेअर उचलला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं. यंत्रापाशी नेला तर तारा जेमतेम कुजबुजल्या. दाराकडे नेऊ लागला तसतशा वाढत गेल्या, आणि दाराला टेकवल्यावर तर डबीत अडकलेल्या माशीसारख्या तडफडू लागल्या. मी दाराला कान लावला. काही नाही. दारातल्या भिंगातून पाहिलं. व्हरांडा रिकामा, टोकाला एक पिवळा दिवा. फक्त फटीतून वास येत होता... भिजलेल्या कोटाचा.

तेव्हा मी बोललो. दुकानदाराची जीभ, गप्प बसवत नाही. "उघडून तरी बघा, वहिनी. तेवढंच मनाचं समाधान."

त्या उठल्या. केस सारखे केले, पदर सावरला आणि स्वतःच्या हाताने दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं.

पण वहिनी एक पाऊल बाजूला सरकल्या. हातात सामान असलेल्या माणसाला आत यायला वाट द्यावी, तशा. मग दार लोटलं. तारा गप्प झाल्या. मास्तरने कपाळ पुसलं, मी गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि आपण एका बाईचं ओझं उतरवलं अशा थाटात घरी गेलो. त्या रात्री झोप इतकी छान लागली की आजही त्याची लाज वाटते.

काही दिवसांनी लेक दुकानात आली. चेहरा उतरलेला.

"काका, सेट तुमच्याकडे ठेवाल? टॉम, बास, सगळं. स्नेअर आई देत नाहीये."

"का गं? आवाज बिघडला?"

"रोज दिवेलागणीला तारा झरझरतात. दारापाशीच."

"म्हणजे अजून बाहेर..."

"नाही ना." ती खुर्चीच्या कडेवर बसली. "काल स्नेअर घेऊन मी व्हरांड्यात जाऊन बसले. आईने आतून कडी लावली. बाहेर एक तारसुद्धा हलली नाही, काका. आत, दाराशी ठेवला की मात्र..."

 

दुसऱ्या दिवशी उजेड असतानाच मी जाऊन बसलो. वहिनी प्रसन्न दिसत होत्या, वर्षानुवर्षांत दिसल्या नव्हत्या इतक्या. यंत्र चालू होतं. स्नेअर दाराजवळच्या स्टुलावर. दाराला, वर, एक नवी जाड कडी. अंधारून येऊ लागलं तशा त्या उठल्या, कडी घातली आणि पुन्हा यंत्रावर बसल्या. लेकीने माझ्याकडे पाहिलं. वेळेत पोचलं नाही तर ती सगळं शांत होईपर्यंत जिन्यात थांबते, हे मला तेव्हा कळलं.

झर्र झर्र... झर्र.

"वहिनी," मी हळू आवाजात म्हणालो, "ते जायचं म्हणताहेत."

"ऐकू येतंय मला."

"मग उघडा ना. मीच तर सांगितलं होतं उघडा म्हणून, आता मीच सांगतो..."

"भाऊजी," त्या हसल्या. पाय थांबले नव्हते. "तेव्हा उघडलं नाही, म्हणून गेले. आता उघडलं की जातील. मला काय वेड लागलंय?"

"पण त्यांना नको असेल तर?"

"त्या दिवशी मलाही नको होतं त्यांनी जायला. ऐकलं का माझं?"

यंत्राची सुई खालीवर होत राहिली. सुईखाली कापड नव्हतं.

सगळं शांत झाल्यावर त्यांनीच कडी काढून मला निरोप दिला. चप्पल घालायला वाकलो, तेव्हा दिव्याचा उजेड दारावर तिरपा पडला. उंच माणसाची मूठ जिथे पोचेल तिथे, दाराच्या आतल्या बाजूला, रंग घासून गेला होता. खालचं लाकूड दिसत होतं, ताजं, पांढरं. बाहेर आल्यावर मी मुद्दाम मागे वळून पाहिलं. बाहेरून दार अगदी गुळगुळीत.

लेक आता मैत्रिणीकडे राहते. दुपारी आईला भेटून येते, दिवे लागायच्या आत. सेट वाजवत नाही. मी तिला म्हटलं होतं, दुसरा स्नेअर बसवून देतो. म्हणाली, "नको काका. तुम्हीच म्हणाला होतात ना, कापलं म्हणजे तुटलं असं नाही."

म्हणून हा सेट विकायचा नाही. आणि म्हणूनच मी संध्याकाळी दुकान लवकर बंद करतो. आज तुम्ही आलात, बोलण्यात राहून गेलं.

तिकडे आता कडी पडली असेल. ठेवा, आता ठेवा हात फ्लोअर टॉमवर. घाबरू नका, पडदा नुसता हलतो. हा आवाज या दुकानातला नाही.

लागलं हाताला? पूर्वी नीट मोजता यायचं. दोन, मग थांबा, मग एक. ठेकेदाराचा ठेका कधी चुकला नाही.

हल्ली मधला थांबा राहिलेला नाही.