लाल लोकरीची जलपर्णी

"धावा! ट्रक निघाला!" चिमणी ओरडली आणि सायकलवर टांग टाकली. मागोमाग दादा, आणि त्याच्यामागे शेजारचा ढापण्या, एका हाताने चष्मा सावरत!

सुट्टीत चिमणी आणि दादा ही भावंडं मावशीकडे आली होती. मावशीचं खताचं आवार कालव्याच्या काठावर. कालव्यातून उपसलेली जलपर्णी ट्रकने इथे यायची आणि ढिगांत कुजून तिचं खत व्हायचं. पण कालवा साफ केला की आठवड्यात पुन्हा हिरवागार! सफाईच्या मुकादमाने पालिकेच्या साहेबांचे कान भरले, "बाईंच्या आवारातूनच बी पाण्यात जातंय." झालं! आज चार वाजता साहेब आवाराला कुलूप ठोकणार होते.

"बी कुठलं जातंय!" सकाळी मावशीने ढिगात खुपसलेली लोखंडी सळई उपसली होती. "हात लाव."

"आई गं!" चिमणीने बोटं झटकली. एवढ्या उष्णतेत बी उरणार कसं?

मग जलपर्णी येते कुठून? तिघांनी कालच पुलाखालच्या चाळीस रोपांना लाल लोकर बांधली होती. आज सफाई तिथेच होती. पहिल्या खेपेत लोकरीची बावीस रोपं आवारात आली. दुसरी खेप बाराला आली, पण बारा ते दोन फाटक बंद! त्या वेळात वाफाळते ढीग उलथतात, गाडीला आत मज्जाव. मुकादमाने दोनदा हॉर्न वाजवला, कपाळावर आठ्या घातल्या आणि ट्रक वळवला.

तो थांबला थेट वरच्या बंधाऱ्यापाशी. तिघं झुडपामागे पालथी पडली. ट्रकचं फळकं उघडलं आणि धप्प! सगळी जलपर्णी पाण्यात!

"आ...आ..." ढापण्याचं नाक हुळहुळलं.

"शिंकलास तर बघ!" दादा कुजबुजला.

"...क्छीं!"

"कोण आहे रे तिकडे?" मुकादमाचे बूट जवळ आले. आणखी जवळ! चिमणीच्या नाकासमोर वीतभरावर थांबले. तिने श्वास रोखला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "आलो, आलो!" करत तो वळला.

चार वाजले. साहेबांच्या हातात कुलूप, शेजारी मुकादम! मावशीचा चेहरा उतरलेला.

"काका," चिमणी भोळा चेहरा करून मुकादमाला म्हणाली, "लाल लोकरीची रोपंही तुम्ही इथेच आणलीत?"

"ती होय? पाहिली की मी! सगळी इथेच टाकली. एक काडी बाहेर नाही!"

"मोजून बघा, साहेब. चाळीस होती, इथे बावीसच आहेत. उरलेली बंधाऱ्यावर पाण्यात टाकलीत यांनी, आम्ही पाहिलंय! वाहत येतीलच आता!"

"पोरं काहीही बोलतात, साहेब!"

साहेबांनी कालव्याकडे पाहिलं. पाणी रिकामं. एक मिनिट गेलं. दोन गेली. साहेबांनी कुलूप फाटकाला अडकवलं...

"थांबा!" दादा किंचाळला. वळणावरून हिरवा पुंजका डुलत येत होता. त्यावर लाल ठिपका! मग दुसरा, तिसरा... मुकादम पांढराफटक!

"दोन तास थांबायचा कंटाळा, म्हणून सगळ्या शहराला त्रास?" साहेब कडाडले. "उद्यापासून बंधाऱ्यावरचं तुम्हीच उपसायचं. आणि पोरांनो, शाबास! आमच्या खात्याला सुचलं नाही ते तुम्ही केलंत!"

कुलूप त्यांच्या पिशवीत गेलं.

"चुकलं माझंही," मावशी म्हणाली. "दुपारच्या गाडीसाठी फाटकाबाहेर जागा ठेवायला हवी होती." तिने तिघांना जवळ घेतलं. "पण एवढी लोकर आणलीत कुठून?"

तिघं आपापल्या चपला न्याहाळू लागली.

"मावशी," चिमणी हळूच म्हणाली, "तू विणत होतीस ना, तो मफलर... जरा आखूड झालाय!"